दोन सुतांचा फरक

माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान, रेतीने भरलेला आमचा मचवा कोपरीखालच्या दगडी धक्क्यावर आदळला आणि माझ्या काकाचा डावा पाय मचव्याचं पुढचं टोक आणि धक्क्याचा दगड यांच्यामध्ये सापडला. सुकाणू आणि इंजिनाचा दांडा, दोन्ही माझ्या वडिलांच्या हातात होते. इंजिनाच्या त्या दांड्याची जोडणी आदल्या सकाळी मी केली होती. मी तेव्हा मॅट्रिकला होते. परीक्षेला महिनाभर अवकाश होता.

आमचं घर रेल्वेच्या पूर्वेला, कोळीवाड्याच्या खाडीकडच्या टोकाला होतं. वडील पांडुरंग आणि धाकटा काका धर्मा हे दोघे भाऊ एका घरात, एका चुलीवर राहत. मचव्याचा म्होरक्या तो तांडेल, म्हणून वडिलांना सगळे पांडू तांडेल म्हणत. मचवा दोघांचा होता. इथल्या मिठागरांतलं मीठ भरून कल्याणला न्यायचं आणि येताना डोंबिवलीच्या खाडीतली रेती आणायची, हा त्यांचा धंदा. मासे घरापुरते, ओहोटीला चिखलातून निवट्या आणि चिंबोऱ्या आई आणि काकी आणत. निवट्यांचं चिंचेचा कोळ घातलेलं कालवण, तांदळाची भाकरी, आणि काही नसेल तेव्हा भाजलेली सुकट, हे आमचं जेवण. मचवा शिडावर चाले तोवर तो कधी येईल हे कोणी सांगू शकत नसे, त्यामुळे पुरुषांचं ताट बहुधा थंड असे. इंजिन आल्यावर ही एक गोष्ट बदलली. कळव्याकडून येताना मचवा डोलकाठी आडवी पाडून रेल्वेच्या पुलाखालून निघे, आणि तिथे इंजिनाचा आवाज पुलाच्या कमानींत घुमून वाड्यापर्यंत येई. तो आला की आई तांदूळ वैरत असे. मचवा धक्क्याला लागून दोघे हातपाय धुऊन येईपर्यंत भात होत असे. घड्याळ आमच्या घरात नव्हतं. त्याची गरज आईला त्या काळात भासली नसावी.

इंजिन जुनं होतं. मुंबईत दुसऱ्या कुठल्याशा बोटीतून काढलेलं, डिझेलवर चालणारं, हाताने हँडल मारून सुरू करायचं. ते मचव्याच्या मागच्या भागात एका खड्ड्यात बसवलं होतं. सुरुवातीला काका त्या खड्ड्यात बसे आणि बाबा वर सुकाणूपाशी. बाबा ओरडून सांगत आणि काका खाली गिअर टाकत असे. इंजिनाच्या आवाजात अर्धं ऐकू येत नसे. मग नौपाड्यातून एक मिस्त्री आला आणि त्याने गिअरपासून सुकाणूपर्यंत फळ्यांखालून एक लोखंडी गज नेला. गजाच्या वरच्या टोकाला दांडा बसवला. आता बाबा एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात दांडा धरून मचवा एकटे चालवू शकत. दांड्याच्या तीन जागा होत्या. पुढे टाकला की पाण्यातला पंखा मचव्याला पुढे ढकले. मध्ये ठेवला की इंजिन चालू राही, पण पंखा सुटा होई. मागे ओढला की पंखा उलटा फिरे आणि मचवा मागे येई. इंजिनाच्या वेगासाठी एक वेगळी तार होती, ती खेचली की वेग वाढे. थांबण्यासाठी करायचं ते इतकंच: तार सोडायची, दांडा मध्ये आणायचा, आणि लागलं तर मागे.

इंजिनाबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. घरात मुलगा नव्हता म्हणून बाबांनी मला शाळेत ठेवलं, असं वाड्यात बोलत. बाबांनी स्वतः कारण कधी सांगितलं नाही. मी शब्दकोश घेऊन ते पुस्तक एका वहीत मराठीत उतरवलं. गिअर आणि दांडे यांवर त्यात सहा पानं होती. त्या सहा पानांमुळे ते काम माझ्याकडे आलं. दर आठवड्याला तारेला ग्रीस लावायचं, खाऱ्या पाण्याने गंजलेल्या पिना काढून रॉकेलमध्ये बुडवायच्या, झिजलेल्या बदलायच्या. आणि महिन्यातून एकदा गज जुळवायचा. गिअरच्या आतल्या चकत्या झिजत, त्यामुळे दांडा वर मध्ये असला तरी खाली गिअर मध्ये नसे. गजाच्या टोकाला आटे पाडलेले होते. तिथला नट फिरवला की गज किंचित लांब किंवा आखूड होई. दांडा आणि गिअर एकाच वेळी मध्ये आले की दुसरा नट मागून आवळून ते पक्कं करायचं. हे हलकं काम नव्हतं, पण अवघडही नव्हतं. मला ते आवडत असे.

हे सगळं मी ओहोटीला करत असे, मचवा रिकामा होऊन चिखलावर बसलेला असताना. याला कारण होतं. आमच्या वाड्यात बायका मचव्यात चढत, पण तो रिकामा आणि कोरडा असताना. बाहेरची शेवाळ खरवडणं, आतला गाळ काढणं, हे बायकांचंच काम होतं. पण माल भरला आणि मचवा पाण्यावर उचलला गेला, की तिथून माल उतरेपर्यंत बाईने त्यात पाय ठेवायचा नाही. का, ते कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. भरलेला मचवा मी आतून कधी पाहिला नव्हता.

पुस्तकाच्या त्या सहा पानांत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं. वहीत मी ते असं लिहिलं होतं: ‘ही जोडणी नौका पाण्यात असताना व नेहमीच्या भारासह तपासावी.’ दिवाळीच्या सुट्टीत मी ते लिहिलं. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. भारासह तपासायचं तर ते काम माझ्या हातातून जाणार होतं. ते मिस्त्रीकडे गेलं असतं किंवा काकाकडे. संध्याकाळी बाबांना आणि काकाला वही वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. इंग्रज लोक प्रत्येक गोष्टीत फाजील काळजी घेतात, अशी मी मनाची समजूत घातली होती. पुढे वर्तमानपत्रात तीस-पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरातली वाक्यं गाळली. ती कोणती होती ते आज आठवत नाही. हे एक आठवतं.

पौर्णिमेच्या सकाळी ओहोटीला मी नेहमीसारखी पाना, रॉकेल आणि चिंध्या घेऊन मचव्यात चढले. काका बाहेर चिखलात उभा राहून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होता. तो बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. अंगाने सडपातळ आणि बोलण्यात खोडकर. इंजिन घ्यायच्या तो विरोधात होता आणि इंजिन आल्यावर सगळ्यांत जास्त तोच खूश होता.

“आली गो आली, इंजिनाची डाक्तरीन आली,” तो खालून म्हणाला. “नाडी बघ, जीभ बघ.”

“जिभेचा रोग तुलाच हाय काका. इंजिन गप हाय.”

“मॅट्रिक झालीस का तुला आमी आगबोटीवर पाठवू. कप्तान काशीबाय.”

“तवा तू ठोकत बस कापूस.”

“ठोकीन की. तुज्या बोटीला लाकूडच नसंल, मी कंला ठोकीन मंग?”

बाबा वर दांडा धरून बसले होते. मी खड्ड्यातून “मधी” म्हटलं की ते दांडा मध्ये आणत, “पुढं” म्हटलं की पुढे. गज एक सूत कमी पडत होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं माप. मी नट फिरवला, दांडा आणि गिअर बरोबर मध्ये आणले, दुसरा नट आवळला, नवी पिन घातली आणि तिची टोकं वाकवली. तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा बरोबर आलं. त्या खेपेला मीठ नव्हतं, म्हणून दुपारच्या भरतीला मचवा रिकामाच निघाला आणि पुलाखालून कळव्याकडे गेला. त्यात बाबा, काका आणि बाळू नावाचा एक खलाशी असे तिघे होते. रात्री डोंबिवलीच्या खाडीत रेती भरली, सकाळी निघाले. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पुलाखालचा आवाज आला तेव्हा आईने तांदूळ वैरले आणि मी धक्क्यावर गेले. मचवा वळणावरून पुढे आला. डोलकाठी अजून आडवी होती, म्हणजे शीड नव्हतंच. धक्का तीस-चाळीस हात लांब असताना इंजिनाचा वेग उतरला. तो मी ऐकला. बाबांनी तार सोडली होती. त्यानंतर आवाजात आणखी एक बदल व्हायला हवा होता. दांडा मध्ये आला की पंखा सुटतो, इंजिनावरचं ओझं जातं आणि आवाज एकदम हलका होतो. तो बदल झाला नाही. आवाज हळू झाला पण जडच राहिला. मला हे तेव्हा कळलं, की नंतर मी तसं समजून घेतलं, हे आज सांगता येणार नाही. बाबा ओरडले ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. काका पुढच्या टोकावर उभा होता.

शिडाच्या दिवसांपासून आमच्याकडे धक्क्याला लागताना पुढचा माणूस पाय लावत असे. शीड उतरवलेलं असे, मचवा आपल्या वजनावर हळूहळू येत असे, आणि पुढचा माणूस काठावर बसून एक पाय धक्क्याच्या दगडाला टेकवून मचवा थोपवत असे. त्याला कोणी शिकवत नसे. मुलं होड्यांमध्ये खेळताना शिकत. काकाने तेच केलं. मचवा मात्र थांबत आलेला नव्हता. त्याच्या पोटात भरगच्च रेती होती आणि पंखा अजून त्याला पुढे ढकलत होता.

काकाला बाळूने आणि धक्क्यावरच्या दोघांनी वर घेतलं. तो शुद्धीवर होता. इंजिन बंद करून बाबा मचव्याच्या मागच्या टोकावरून रेतीवरून धावत पुढे आले. काका त्यांच्याकडे बघून म्हणाला, “दादा, तू दांडा मधी नाय आनलास.”

“आनलेला रे धर्मा. मागं पन ओढलेला.”

“नाय आनलास. पुढंच चालवीत व्हतास.”

एवढंच बोलणं झालं. तेव्हा धक्क्यावर पंधरा-वीस माणसं असतील. सगळ्यांनी ते ऐकलं. टांगा आणून काकाला सरकारी इस्पितळात नेलं. बरोबर बाबा, काकी आणि बाळूचा भाऊ गेले. जाण्याआधी काकी घरात येऊन चादर घेऊन गेली. आई दारात उभी होती. काकी तिला म्हणाली, “वैनी, आज पाय गेला. उद्या तुमचा मचवा तुमाला, आमचं आमाला.” आत भात लागल्याचा वास येत होता आणि भांडं कोणी उतरवलं नव्हतं.

मी बाबांना ओळखत होते. ते कमी बोलत आणि स्वतःला सोडवण्यासाठी खोटं बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. काकाही खोटं बोलणारा नव्हता. दोघांपैकी एकाचं चुकलं होतं, किंवा दोघांचंही नव्हतं. दुसरी शक्यता खरी असेल तर तिचं कारण मचव्यात होतं. आणि ते तिथे थोडाच वेळ असणार होतं. भरती संपत आली होती. ओहोटी लागली की मचवा चिखलावर बसणार होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल रेती उतरवणार होते. मी शाळेच्या पेटीतली लाकडी फूटपट्टी घेतली आणि धक्क्यावर परत गेले.

बाळू एकटा मचव्याच्या दोराशी बसला होता.

“दांडा कोनी हलवलाय का?” मी विचारलं.

“कोनी नाय. पांडूदादानी सोडला तसाच हाय.” मग मी पाय उचललेला पाहून तो उठला. “गो काशे, भरलेला हाय तो. तू नको चढू.”

“मना गिअर बघायचाय.”

“उद्या बघ. रिकामा झाला का बघ.”

“उद्या तो असा नसंल,” मी म्हटलं आणि चढले. त्याने मला धरलं नाही. तो धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिला.

दांडा पूर्ण मागे ओढलेला होता. ही पहिली गोष्ट मी पाहिली आणि वहीच्या कागदावर लिहिली. मग खड्ड्यात उतरले. दांडा पूर्ण मागे असूनही खाली गिअर पूर्ण मागे गेलेला नव्हता. मी वर येऊन दांडा मध्ये आणला, पुन्हा खाली उतरले. गिअर मध्ये आलेला नव्हता. तो पुढच्या बाजूला अडकून होता. पट्टी लावून मोजलं. पाव इंच, म्हणजे दोन सूत. पिन जागेवर होती, तिची टोकं मी वाकवली होती तशीच होती. नट सरकलेला नव्हता. आदल्या सकाळी बरोबर असलेली जोडणी, कोणी हात न लावता, दोन सूत चुकीची झाली होती. कसं, ते मला कळलं नाही. पण बाबांनी दांडा मध्ये आणला तरी पंखा मचव्याला पुढेच ढकलत राहिला होता, आणि मागे ओढल्यावरही तो उलटा फिरला नव्हता, हे सिद्ध होत होतं. मचवा पाण्यावर होता तोवर ते दुसऱ्या कोणीतरी पाहायला हवं होतं.

मी बाळूला पाटलांकडे पाठवलं. वाड्याचे पाटील तेव्हा सत्तरीचे असतील. ते काठी टेकत आले, धक्क्यावर उभे राहिले आणि त्यांनी मला मचव्यात पाहिलं. मग चढले. मी दांडा मध्येच ठेवला होता.

“पाटील, दांडा कुठं हाय?”

“मधी.”

“आता खाली बघा. गिअर कुठं हाय?”

ते गुडघ्यांवर बसून खड्ड्यात वाकले. बराच वेळ वाकून राहिले. “हा पुढं हाय,” ते म्हणाले. “चावून हाय.” मग त्यांनी वर पाहिलं. “हे जोडलं कोनी?”

“मी.”

“मंग हे मना कशाला दावतंस?”

“बाबांनी दांडा मधी आनलेला म्हनून.”

पाटील उठले, धोतराला लागलेलं तेल पाहिलं. “उतर खाली आधी,” ते म्हणाले. “तू भरल्या मचव्यात हायस ते मी बघितलं नाय. गिअर बघितला.” ही त्यांची साक्ष. त्यांनी ती पुढे कधी बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी रेती उतरवली. बाबा इस्पितळातून आले होते. त्यांच्या सदऱ्यावर रक्ताचे डाग तसेच होते. मी त्यांना मचव्यात नेलं. चिखलावर बसलेल्या रिकाम्या मचव्यात दांडा मध्ये आणला आणि खाली गिअर पाहिला. तो बरोबर मध्ये होता. पाव इंच नाहीसा झाला होता. मी त्यांना आदल्या दिवशीचं माप सांगितलं, पाटलांनी पाहिल्याचं सांगितलं. ते खड्ड्याच्या कडेला बसले. त्यांनी गजावर हात ठेवला, मग मचव्याच्या फळ्यांवर ठेवला.

“मचवा वाकतो,” ते म्हणाले.

मला समजलं नाही.

“लाकूड हाय ते. माल भरला का पोट खाली जातंय, शेपूट वर येतंय. म्हनून तर भरल्यावर डोलकाठीचे दोर परत ताणतो आमी. माझा बाप ताणायचा, त्याचा बाप ताणायचा.” मग ते म्हणाले, “दोराला हे म्हाईत हाय. गजाचं माज्या डोक्यात नाय आलं.”

आधीच्या फेऱ्यांत हा फरक जुन्या, झिजलेल्या पिनेच्या ढिलाईत मुरत असावा; पौर्णिमेला मी पिन नवी घातली होती. भरलेला मचवा वाकतो हे त्यांना तांडेल झाल्यापासून माहीत होतं. गजाची जोडणी भरलेल्या मचव्यात तपासायची हे मला दिवाळीपासून माहीत होतं. मी घरी गेले, वही आणली आणि गाळलेलं वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

“ही ओळ कवा लिहिलीस?”

“दिवाळीत.”

“आमाला वाचली नाय.”

“नाय.”

“का गो?”

मी सांगितलं. काम माझ्याकडून गेलं असतं म्हणून. ते माझ्याकडे पाहत नव्हते. समोर खाडीत पाणी यायला लागलं होतं. त्यांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. “धर्माला सांगायला पायजे,” ते म्हणाले. “मी सांगितलं तर तो म्हनंल, दादा स्वतःला सोडवतोय. तू सांग.”

संध्याकाळी भेटायच्या वेळेला आम्ही इस्पितळात गेलो. काकाचा पाय एका लाकडी चौकटीत बांधलेला होता. चेहरा पिवळा पडला होता. काकी पायथ्याशी बसली होती आणि बाबांना पाहून तिने पदर डोक्यावर ओढून तोंड फिरवलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवाज जड राहिला इथपासून सुरू करून पाटलांपर्यंत आणि सकाळच्या मापापर्यंत. मग वही उघडून वाक्य वाचलं. माझ्या आठवणीत त्या खोलीत तेव्हा कसलाही आवाज नव्हता, पण ती मोठी खोली होती, बरेच रुग्ण होते, तेव्हा हे खरं नसावं.

काका बाबांना म्हणाला, “म्हंजे तू थांबवलेला.”

“थांबवलेला.”

“मंग मी खोटा बोललो, चार लोकांम्होरं.”

“तुला दिसलं ते बोललास तू. मनाबी तसंच वाटलं असतं.”

“शिकवा आनखी पोरींना,” काकी म्हणाली.

काका माझ्याकडे वळला. “काशे, परत वाच.”

मी परत वाचलं.

“भारासह म्हंजे कं?”

“भरलेला असताना.”

“हं,” तो म्हणाला आणि डोळे मिटले. मी काही वेळ थांबले. त्याने ते उघडले नाहीत.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून कापला. होळीच्या आदल्या दिवशी काका कुबड्या घेऊन घरी आला. काकीने वेगळी चूल मांडली नाही. तिने आईशी बोलणंही आठवडाभराने सुरू केलं, मिठाच्या वाटीवरून. होळीला वाड्यातले सगळे खाडीवर गेले. काका ओट्यावर बसून राहिला आणि बाबा त्याच्याजवळ बसून राहिले. माझी परीक्षा त्याच सुमारास झाली. काका माझ्याशी बोलत नव्हता असं म्हणता येणार नाही. पाणी मागत असे, ऊन आलं की खाट सरकवायला सांगत असे. इंजिनाचा विषय तो काढत नसे. डाक्तरीन ही हाक त्यानंतर मी ऐकली नाही. त्या वाक्याबद्दल त्याने मला पुन्हा विचारलं नाही, आणि तो हयात असेपर्यंत मीही त्याला काही विचारलं नाही.

मचवा या काळात चिखलावर उभा होता. वाड्यातल्या काहींनी बाबांना गज काढून टाकायला सांगितलं, काहींनी इंजिनच विकायला सांगितलं. बाबा ऐकून घेत. रामनवमीनंतर एका सकाळी त्यांनी कल्याणसाठी मीठ भरायला घेतलं. दुपारपर्यंत पोती आत लागली आणि भरतीने मचवा उचलला. बाळूने डोलकाठीचे दोर ताणले. मग काका कुबड्यांवर धक्क्यापर्यंत आला, कुबड्या बाजूला ठेवल्या, बसत बसत फळीवरून मचव्यात उतरला आणि हातांवर सरकत इंजिनाच्या खड्ड्यात गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बाबांनी दांडा हातात घेतला.

“काशे,” खड्ड्यातून काकाचा आवाज आला. “वही आन. तितंच उभी राव. वाच.”

मी धक्क्यावर उभी राहून सहा पानं मोठ्याने वाचली, एकही ओळ न गाळता. काका मध्ये मध्ये “थांब” म्हणे, मग “हां, पुढं” म्हणे. नट फिरल्याचा आवाज येत होता. मिठाने भरलेल्या मचव्यात गज दोन सुतांहून किंचित कमी चुकत होता, असं त्याने बाबांना सांगितलं. त्याने तो जुळवला, दुसरा नट आवळला आणि बाबांनी दांडा पुढे, मध्ये, मागे असा तीन वेळा फिरवला. दर वेळी काका खालून “बराबर” म्हणाला. त्यानंतर तो खड्ड्यातून वर येऊन पोत्यांना टेकून बसला. धक्क्यावर परत आला नाही. मचवा दीडच्या सुमारास सुटला. त्यात बाबा, काका आणि बाळू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कल्याणहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने घरी निरोप दिला. मचवा आदल्या संध्याकाळी कल्याणच्या धक्क्याला लागला होता आणि मीठ उतरवायला सुरुवात झाली होती.